हवेचा नियम डब्यावर



या व्याख्यानासाठी निवडलेला विषय ऐकायला रुक्ष आहे. ओल्या काँक्रीटवर फवारायचे क्युरिंग कंपाउंड, वाळलेल्या काँक्रीटवर मारायचे सीलर आणि वॉटरप्रूफिंग यांच्या एका लिटरात किती ग्रॅम द्रावक असावे, याचे आकडे दक्षिण कॅलिफोर्नियातील एका प्रादेशिक मंडळाने ठरवून दिले आहेत. त्या आकड्यांवरून रसायनशास्त्रज्ञ, रंगांचे कारखानदार, कंत्राटदार आणि वकील कित्येक दशके भांडत आले आहेत. भांडण तांत्रिक दिसते, पण मुळात प्रश्न राज्यकारभाराचा आहे. प्रदूषण करणारा एकच कारखाना असेल तर त्याच्या धुराड्यावर यंत्र बसवता येते, दंड ठोठावता येतो, वेळ पडली तर टाळे लावता येते. पण प्रदूषण करणारे लाखो असतील, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर असेल आणि तोही एका दुपारीत हवेत उडून जात असेल, तर कायद्याने हात घालायचा कोणाला? लॉस एंजेलिसच्या खोऱ्याने याला दिलेले उत्तर असे की माणसाच्या मागे लागू नका, डबा धरा. हे उत्तर योग्य आहे, असे मी आज मांडणार आहे. त्याच वेळी हेही मांडायचे आहे की असा नियम जेवढे मोजतो तेवढेच आवरतो. जे तो मोजत नाही तिकडे बाजार निमूटपणे सरकतो, आणि म्हणून तो एकदा करून मोकळे होता येत नाही.

आधी ते खोरे समजून घेऊ. पश्चिमेला पॅसिफिक महासागर आणि उत्तरेला व पूर्वेला सॅन गॅब्रिएल व सॅन बर्नार्डिनो या पर्वतरांगा. समुद्रावरून येणारी थंड हवा जमिनीलगत राहते आणि तिच्यावर गरम हवेचा थर झाकणासारखा बसतो. खालची हवा वर जाऊ शकत नाही, डोंगर ओलांडू शकत नाही, आणि वर ऊन मात्र भरपूर. जुलै १९४३ मध्ये या शहरावर डोळ्यांना झोंबणारे धुके इतके दाटले की काही जणांना तो शत्रूचा वायुहल्ला वाटला. संशय गेला शहरातल्या एका कारखान्यावर, जिथे कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन तयार होत असे. कारखाना काही काळ बंद ठेवला, तरी धुके येतच राहिले. एक गुन्हेगार शोधून त्याला बंद करण्याची ती पहिली सरकारी सवय तिथेच हरली. त्या धुक्याचे शास्त्रीय कारण कळायला आणखी काही वर्षे लागली. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले डच जीवरसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट हे मूळचे वास आणि चव यांचे अभ्यासक. अननसाचा वास कोणत्या द्रव्यांमुळे येतो, हे ते शोधत होते. तीच पद्धत त्यांनी शहराच्या हवेला लावली आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले की पेट्रोल आणि तत्सम पदार्थांची वाफ व ज्वलनातून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो. ताणलेल्या रबराला या हवेत चिरा पडतात, हे त्यांचे ठळक प्रात्यक्षिक होते. तेल उद्योगाच्या पैशावर संशोधन करणाऱ्यांनी त्यांना जोरदार विरोध केला, पण निष्कर्ष टिकला. त्या निष्कर्षाचा कायद्याच्या दृष्टीने अर्थ फार अडचणीचा होता. ओझोन कोणीच सोडत नाही. तो हवेतच शिजतो, आणि त्याचा शिधा सगळे शहर मिळून पुरवते.

आता काँक्रीटकडे येऊ. काँक्रीट घट्ट होते ते वाळून नव्हे, तर सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक क्रियेने, त्यामुळे पहिल्या काही दिवसांत त्यातले पाणी उडून जाता कामा नये. आपल्याकडे यासाठी स्लॅबवर बांध घालून पाणी साठवतात, खांबांना गोणपाट गुंडाळून ते ओले ठेवतात आणि निदान सात दिवस पाणी मारतात. जिथे मजुरी महाग, पाणी दुर्मीळ आणि काम अफाट, तिथे हे परवडत नाही. मग ओल्या पृष्ठभागावर मेण किंवा राळेचा पातळ पडदा फवारतात आणि आतले पाणी आत कोंडतात. हे क्युरिंग कंपाउंड. पुढे तेच काँक्रीट तेल, मीठ, पाऊस यांपासून वाचवायचे तर सीलर लागतो. सीलरमध्ये दोन जाती. एक वर बसून पडदा धरणारी, तिच्यात बहुधा ॲक्रिलिक राळ असते. दुसरी आत मुरणारी, तिच्यात सिलेन, सिलोक्सेन किंवा लिथियम-सोडियमची सिलिकेटे असतात. राळ ही घट्ट वस्तू आहे. ती पातळ करून पसरवायला द्रव हवा, आणि जुन्या पद्धतीत हा द्रव म्हणजे झायलीन किंवा तत्सम पेट्रोलियम द्रावक. काम झाल्यावर राळ जमिनीवर राहते आणि द्रावक उडून जातो. ग्राहकाने पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचा निम्म्याहून अधिक भाग अनेकदा असा हवेला अर्पण होत असे. अंगणातली फरशी किंवा गाड्यांची वाट कायम ओली चमकती दिसावी, ही अमेरिकन घरमालकाची आवड या धंद्याला फार उपयोगी पडली, कारण तशी चमक झायलीनमधल्या ॲक्रिलिकने सहज येते.

या उडणाऱ्या भागावर लॉस एंजेलिस परगण्याने पहिला हात १९६६ मध्ये घातला, तो ‘रूल ६६’ या नावाने. त्यात कल्पना अशी होती की उन्हात लवकर प्रतिक्रिया देणारी द्रावके वापरू नका, मंद द्रावके चालतील. पुढे लक्षात आले की मंद द्रावकही वाऱ्याबरोबर दोन-तीन दिवस वाहत गेला की दूरच्या गावात ओझोन करतोच. त्यामुळे १९७० च्या दशकात धोरण बदलले आणि एकूण वजनच कमी करायचे ठरले. चार परगण्यांच्या हवेसाठी साउथ कोस्ट एअर क्वालिटी मॅनेजमेंट डिस्ट्रिक्ट हे मंडळ उभे राहिले. लॉस एंजेलिस, ऑरेंज, रिव्हरसाइड आणि सॅन बर्नार्डिनो या परगण्यांचा मुख्यतः शहरी भाग, म्हणजे आज सुमारे पावणेदोन कोटी माणसे, त्याच्या कक्षेत येतात. या मंडळाने सप्टेंबर १९७७ मध्ये इमारतींवरच्या लेपांसाठी ‘रूल १११३’ केला. त्या नियमातल्या तक्त्यात प्रत्येक प्रकारच्या लेपासमोर एक आकडा असतो: लिटरमागे इतके ग्रॅम बाष्पनशील सेंद्रिय संयुगे, ज्यांना व्यवहारात व्हीओसी म्हणतात. काँक्रीट आणि दगडी बांधकामावरच्या वॉटरप्रूफिंग सीलरचा आकडा पूर्वी ४०० होता, तो २००६ मध्ये १०० वर आला. क्युरिंग कंपाउंडही १०० वर आणले, मात्र रस्ते आणि पूल यांच्यासाठी ३५० ची सवलत ठेवली. तुलनेसाठी सांगायचे तर अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९९८ मध्ये देशभरासाठी जो नियम केला, त्यात वॉटरप्रूफिंग सीलरला ६०० आणि क्युरिंग व सीलिंग एकत्र करणाऱ्या कंपाउंडला ७०० ग्रॅमपर्यंत मुभा होती. केंद्राचा नियम म्हणजे सगळ्यांना सहज पार करता येईल असा उंबरठा होता. खोऱ्याने त्यावर दार बसवले.

हा आकडा मोजण्याची रीत पाहण्यासारखी आहे, कारण नियमाची ताकद आणि त्याची फट दोन्ही तिच्यातच आहेत. एखादा कारखानदार म्हणेल, माझ्या लिटरभर मालात पन्नासच ग्रॅम द्रावक आहे. पण त्या लिटरात अर्धे पाणी असेल तर? नियम ते पाणी आधी वजा करतो आणि उरलेल्या अर्ध्या लिटरात पन्नास ग्रॅम, म्हणजे लिटरमागे शंभर, असा हिशेब धरतो. दुधात पाणी घालून भाव तोच लावणाऱ्या गवळ्याला जसे कसोटीच्या नळीपुढे उभे करावे, तसे हे आहे. पाणी ओतून आकडा खाली आणता येत नाही. जमिनीवर राहणाऱ्या घन भागाच्या प्रमाणात द्रावक खरोखर कमी करावा लागतो. फार पातळ, आत मुरणाऱ्या मालासाठी वेगळी मोजणी आहे, कारण तिथे घन भागच नगण्य असतो आणि पाणी वजा केले तर हिशेब वेडावाकडा होतो. सिलेनचे प्रकरण त्याहून गमतीचे. डब्यात द्रावकाचा थेंब नसला तरी सिलेन काँक्रीटमधल्या ओलाव्याशी जुळताना स्वतःच इथेनॉल किंवा मेथेनॉल सोडतो. म्हणून त्याची चाचणी तो मुरल्यावर काय सोडतो हे धरून करावी लागते. पण पाण्याबरोबर आणखी एक गोष्ट वजा होते, ती म्हणजे ‘सूट मिळालेली’ द्रावके. त्यांच्याकडे नंतर वळू, कारण या नियमावरचा सर्वांत गंभीर आक्षेप तिथे उभा राहतो.

डबा धरण्याचा फायदा आता स्पष्ट होईल. खोऱ्यात एका शनिवारी किती अंगणांवर सीलर मारला जातो, हे कोणताही निरीक्षक पाहू शकत नाही. त्या प्रत्येकाला परवाना घ्यायला लावणे हास्यास्पद आहे. पण तो डबा बनवणारे कारखाने मोजके आहेत आणि विकणारी दुकाने ठिकाण असलेली आहेत. डब्यावर तयार केल्याची तारीख आणि व्हीओसीचे प्रमाण छापणे सक्तीचे आहे. निरीक्षकाने दुकानातून डबा उचलायचा, प्रयोगशाळेत पाठवायचा, एवढेच. नियम बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि लेप मारणाऱ्याला लागू आहे, त्यामुळे शेजारच्या राज्यातून माल भरून आणणारा कंत्राटदारही सुटत नाही. २००८ पासून मंडळाने आणखी एक पाऊल टाकले. ‘रूल ३१४’ प्रमाणे कारखानदारांनी दरवर्षी खोऱ्यात किती लेप विकला आणि त्यातून किती द्रावक उडाला, हे कळवायचे आणि त्यानुसार शुल्क भरायचे. नियमाच्या अंमलबजावणीचा खर्च त्यामुळे द्रावक विकणाऱ्यावर पडला, आणि मंडळाच्या हाती अंदाजाऐवजी विक्रीचे आकडे आले. घरमालकाला उपदेश करणे, जाहिराती करणे, ‘हवा वाचवा’ म्हणून मुलांच्या चित्रकला स्पर्धा घेणे, यांतून हे साधले नसते. अशा स्पर्धांचे बक्षीस-समारंभ आपल्याकडे फार होतात, म्हणून हा उल्लेख.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत लोकप्रिय आक्षेप असा की गाड्या, ट्रक, बंदरे सोडून रंगाच्या डब्याच्या मागे का लागता? १९७७ मध्ये या आक्षेपात बरेच तथ्य होते. पण गाड्यांवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, इंधन शुद्ध होत गेले आणि धुराड्यांतून निघणारी सेंद्रिय वाफ झपाट्याने घटली. मोठा आवाज थांबला की मागचा बारीक आवाज ऐकू येतो, तसा घरगुती व बांधकामाच्या रसायनांचा वाटा वर आला. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ब्रायन मॅकडोनाल्ड आणि सहकाऱ्यांचा लॉस एंजेलिसवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचा निष्कर्ष असा की औद्योगिक देशांतल्या शहरांत खनिज तेलापासून येणाऱ्या व्हीओसी उत्सर्जनापैकी सुमारे निम्मे आता रंग, चिकटवण्याचे पदार्थ, छपाईची शाई, स्वच्छतेची व सौंदर्यप्रसाधने अशा रासायनिक उत्पादनांतून येते. आणि हे तेव्हा, जेव्हा वजनाने पाहिले तर लोक इंधन म्हणून त्याच्या सुमारे पंधरा पट तेल वापरतात. कारण साधे आहे. इंधन टाकीत बंद राहावे आणि जळून संपावे म्हणून बनवलेले असते. द्रावक उडून जावा म्हणूनच बनवलेला असतो. काँक्रीटचे लेप हा या सगळ्यातला एक भाग आहे, फार मोठा नाही, हे मी नाकारत नाही. पण चिमूटभर वाटा असलेल्यांना एकेक करून सोडत गेलो तर धरायला कोणीच उरत नाही. नेमके हेच १९४३ पासूनचे दुखणे आहे.

दुसरा आक्षेप अधिक विद्वान आहे. तो म्हणतो, ओझोनसाठी दोन गोष्टी लागतात. तुम्ही नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करा, द्रावकांचा नाद सोडा. मंडळाच्या अलीकडच्या आराखड्यांतही भर नायट्रोजन ऑक्साइडांवरच आहे, ट्रक, जहाजे, बॉयलर यांच्यावर. ही दिशा योग्य आहे. परंतु खोऱ्यातला एक जुना अनुभव विसरता येत नाही. शनिवार-रविवारी ट्रक कमी धावत, नायट्रोजन ऑक्साइडे घटत आणि ओझोन मात्र वाढे. ताजा नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खातो, तो कमी झाला की ओझोन मोकळा सुटतो. म्हणजे एका घटकावर अर्धवट कपात करून दुसरा मोकळा ठेवला तर मधल्या काळात शहराची हवा बिघडूही शकते. या मधल्या वर्षांत द्रावक कमी असणे हा विमा आहे. शिवाय ही वाफ नुसता ओझोन करत नाही. हवेत ऑक्सिडेशन होऊन तिचे सूक्ष्म कणही बनतात, आणि ते फुप्फुसात जातात. भूगोलही इथे अन्याय करतो. सांता मोनिकात मारलेल्या सीलरची वाफ समुद्री वाऱ्याबरोबर पूर्वेला सरकते आणि दुपारी डोंगराच्या उतारावरच्या क्रेस्टलाइनसारख्या गावात ओझोनचा आकडा चढतो. रिव्हरसाइड आणि सॅन बर्नार्डिनोच्या पट्ट्यात अमेरिकेतली प्रचंड गोदामे उभी आहेत. मैलोगणती काँक्रीटची जमीन, आणि तिच्यावर काम करणारी माणसे त्याच हवेत श्वास घेणारी. या गोदामांच्या जमिनी आता मोठ्या प्रमाणात सिलिकेटने कडक करून घासून चकचकीत केल्या जातात. सिलिकेट काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी जुळते आणि छिद्रे भरते, त्यात उडणारे काही नसते. द्रावकाला पर्याय आहे का, या प्रश्नाचे निदान एक उत्तर त्याच गोदामांच्या जमिनीवर पसरलेले आहे.

तिसरा आक्षेप कंत्राटदारांचा, आणि तो मी सर्वांत आदराने ऐकतो, कारण तो हाताने काम करणाऱ्याचा आहे. पाण्यावर आधारलेला सीलर थंडीत नीट बसत नाही, आत मुरत नाही, लवकर उखडतो, मग पुन्हा मारावा लागतो; जाड थर द्यावा लागतो; नाहीतर लोक चोरून थिनर घालतात. यातले काही खरे आहे. ॲक्रिलिक पडद्याखाली ओलावा अडकला की तो पांढरट पडतो, आणि जुन्या हाताचा कारागीर वर झायलीन शिंपडून तो पुन्हा विरघळवून पारदर्शक करत असे; पाण्यावरच्या मालाला ही युक्ती लागू पडत नाही. पण हिशेब करून पाहू. मर्यादा ४०० वरून १०० वर आली. नवा माल जुन्याच्या निम्माच टिकला आणि दुप्पट वेळा मारावा लागला, तरी तेवढ्याच काळात लिटरमागे ४०० ऐवजी २०० च ग्रॅम उडतील. जुन्याइतके प्रदूषण व्हायला नवा लेप चौपट वेळा मारावा लागेल, आणि इतका कुचकामी माल बाजारात टिकत नाही. थिनरचे म्हणाल तर पाण्यावरच्या इमल्शनमध्ये झायलीन घातले की इमल्शन फाटते. चोरी करायची सोय जुन्या मालात होती, नव्यात नाही. थंडीचा मुद्दा लॉस एंजेलिसमध्ये फारसा उभा राहत नाही, तो बोस्टनमध्ये राहतो. आणि म्हणूनच नियम प्रादेशिक असण्यात अर्थ आहे.

चौथा आक्षेप कायद्याचा होता: तुम्ही असा आकडा घालता की जो गाठणारे तंत्रज्ञान आज सर्व प्रकारांत अस्तित्वातच नाही. ‘रूल १११३’ च्या १९९९ मधल्या दुरुस्तीवर रंग कारखानदारांची संघटना न्यायालयात गेली आणि जाहीर सूचनेच्या कार्यपद्धतीतील दोषावरून २००२ मध्ये ती दुरुस्ती रद्दही झाली. मंडळाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती पुन्हा रीतसर मंजूर केली. लढा चालूच राहिला आणि जून २०१२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ‘उपलब्ध’ तंत्रज्ञान म्हणजे आज दुकानात मिळणारेच असे नव्हे. ठरवलेल्या मुदतीपर्यंत ते मिळू शकेल असा मंडळाचा वाजवी अंदाज असेल तर मर्यादा घालता येते. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. उद्योगाला जे आज जमते तेवढेच कायद्याने मागायचे ठरवले, तर कायदा उद्योगाच्या मागे कारकुनी करत फिरेल. अर्थात याला जोड म्हणून मुदत, जुना साठा संपवायला तीन वर्षे, लहान डब्यांना काही सूट आणि काही काळ कारखान्याच्या एकूण मालाची सरासरी धरण्याची मुभा, अशा पायऱ्या मंडळाने ठेवल्या होत्या. सरासरीची मुभा नंतर काढून घेतली.

आता त्या सूट मिळालेल्या द्रावकांकडे येतो. माझ्या मते या नियमावरची खरी टीका कारखानदारांनी केलेली नाही, ती रसायनांनीच केली आहे. १९७७ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेने धोरण आखले तेव्हा ओझोन जवळजवळ न करणारी म्हणून चार संयुगे हिशेबातून वगळली: मिथेन, इथेन, १,१,१-ट्रायक्लोरोइथेन आणि फ्रिऑन-११३. यांपैकी शेवटची दोन जमिनीलगत काही करत नव्हती हे खरेच. पण ती इतकी मंद होती की न बदलता वर चढत गेली आणि स्थितांबरातला, आपले रक्षण करणारा ओझोन त्यांनी पोखरला. मॉन्ट्रियल कराराखाली १९९६ पर्यंत श्रीमंत देशांना ती बंद करावी लागली. म्हणजे खालचा ओझोन टाळायला सांगितलेली द्रावके वरचा ओझोन खात होती. एवढा धडा पुरेसा होता, असे कोणालाही वाटेल. तरीही १९९४ मध्ये पॅराक्लोरोबेंझोट्रायफ्लुओराइड, म्हणजे पीसीबीटीएफ, या द्रावकाला सूट मिळाली. १९९५ मध्ये ॲसिटोनला मिळाली, २००४ मध्ये टर्शरी ब्युटाइल ॲसिटेटला. मर्यादा जसजशा खाली आल्या तसतशी ही द्रावके लेपांच्या डब्यांत शिरली, कारण हिशेबात ती पाण्यासारखी वजा होत. मग २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाच्या प्राण्यांवरील प्रयोगांत पीसीबीटीएफने अर्बुदे होतात असे दिसले, आणि २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने ते कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत टाकले. साउथ कोस्ट मंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये गाड्यांच्या रंगांच्या नियमात, म्हणजे ‘रूल ११५१’ मध्ये, पीसीबीटीएफ आणि टर्शरी ब्युटाइल ॲसिटेट दोन्ही टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरवले, आणि त्यासाठी काही काळ व्हीओसीची मर्यादा सैल केली. हवेचा आकडा थोडा चढू द्यायचा, पण कारागिराच्या फुप्फुसात संशयित विष घालायचे नाही, ही निवड मला योग्य वाटते. ॲसिटोनचे दुखणे वेगळे. तो विषारी कमी, पण उणे वीस अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकतो. बंद तळघरात ॲसिटोनचा सीलर मारणाऱ्याला ठिणगीची भीती झायलीनपेक्षा कितीतरी जास्त.

यावरून कोणी म्हणेल की मग वजनाचा आकडाच चुकीचा. प्रत्येक द्रावकाची ओझोन करण्याची ताकद मोजा आणि त्यावर मर्यादा घाला. रिव्हरसाइडच्या विद्यापीठातले विल्यम कार्टर यांनी अशी मोजपट्टी आयुष्यभर खपून तयार केली. तिच्याप्रमाणे झायलीनचे मिश्रण ॲसिटोनच्या वीस पट आणि त्याहूनही अधिक ओझोन करू शकते. कॅलिफोर्नियाने फवाऱ्याच्या रंगांसाठी २००० साली ही पट्टी स्वीकारलीही. काँक्रीटच्या लेपांना तीच लावावी, हा विचार शास्त्रशुद्ध आहे, पण त्याने आपली अडचण सुटत नाही. ताकदीची पट्टीसुद्धा ओझोनच मोजते. पीसीबीटीएफ त्या पट्टीवर जवळपास तळाशी आहे, आणि म्हणून ते नव्या हिशेबातही सज्जन ठरले असते. विषाची, आगीची, स्थितांबराची मोजणी वेगळीच करावी लागते. सूट देण्याआधी ती करायला हवी होती. ती नंतर झाली. इथे नियमाची चूक द्रावकावर मर्यादा घातली ही नाही. सूट देताना फक्त एका प्रश्नाचे उत्तर मागितले, ही चूक आहे. चार परगण्यांच्या मंडळाला ती दुरुस्त करता येते, कारण त्याचे नियम दर काही वर्षांनी जाहीर सुनावणी घेऊन बदलले जातात. संसदेत एकदा मंजूर होऊन पडलेल्या कायद्याला ते जमत नाही.

प्रादेशिक नियमांनी बाजाराची गोधडी होते, प्रत्येक राज्याला वेगळा डबा बनवावा लागतो, अशी तक्रारही असते. प्रत्यक्षात उलटे घडत आले. कडक प्रदेशाने आधी आकडा लावला, कॅलिफोर्निया राज्याच्या नमुना नियमांत तो बऱ्याच अंशी उतरला, अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांनी त्यावरून आपले नियम केले, कॅनडाने २००९ मध्ये देशभरासाठी केले. युरोपीय संघाने स्वतंत्रपणे २००४ मध्ये निर्देश काढून २००७ आणि २०१० अशा दोन टप्प्यांत मर्यादा आणल्या. आणि एका वाटेने हा खोऱ्यातला आकडा भारतातही पोहोचला. ‘लीड’ या हरित इमारतींच्या मानांकनाने सीलर वगैरे लेपांसाठी ‘रूल १११३’ चाच आधार घेतला. त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या ज्या काचेच्या कार्यालयांनी ते मानांकन मिळवताना त्यातले लेपांचे गुण घेतले, त्यांच्या आतल्या लेपांना लॉस एंजेलिसच्या हवेसाठी ठरलेला तक्ता लागू झाला. परदेशी भाडेकरूंच्या मजल्यावर तो पोहोचला, शेजारच्या चाळीच्या गच्चीवर नाही.

आपल्याकडे असा नियम अशक्य आहे, हे म्हणणे टिकत नाही. घरगुती रंगांतल्या शिशावर केंद्र सरकारने २०१६ मध्ये नियम केले, ९० पीपीएमची मर्यादा घातली आणि नोव्हेंबर २०१७ पासून ती लागूही झाली. तोही डब्यावरचाच नियम आहे, आणि रंगाचा धंदा त्याने बुडाला नाही. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत आठ तासांच्या सरासरीने ओझोनची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम अशी लिहिलेली आहे, पण तो ओझोन ज्यातून शिजतो त्या लेपांतल्या द्रावकावर सक्तीचा आकडा नाही. काँक्रीटचे रस्ते, मेट्रोचे खांब, पार्किंगचे मजले, गोदामे ज्या वेगाने महाराष्ट्रात उभी राहत आहेत, तो पाहता हा आकडा आताच ठरवणे स्वस्त पडेल. क्युरिंगपुरते बोलायचे तर आपण मुळात पाण्याचे लोक. जिथे पाणी मारणे शक्य आहे तिथे तेच चांगले, आणि जिथे नाही तिथे मेणाचे पाण्यावरचे इमल्शन चालते. लॉस एंजेलिसच्या चुकाही आपल्याला फुकट मिळाल्या आहेत. सूट मिळणाऱ्या द्रावकांची यादी करताना विष आणि आग या दोन्ही कसोट्या पहिल्याच दिवशी लावता येतील.

हे काम पर्यावरण मंत्रालयाचे आहे आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचेही. पण ते होईपर्यंत थांबायचे कारण नाही. आपल्यापैकी अनेक जण गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांवर आहेत, कोणी ग्रामपंचायतीत आहेत, कोणी शाळांच्या विश्वस्त मंडळांवर. गच्चीचे वॉटरप्रूफिंग किंवा पार्किंगच्या जमिनीचे काम निघाले की कंत्राटदाराकडून कोटेशनबरोबर मालाची टेक्निकल डेटा शीट मागवून घ्या. तिच्यात व्हीओसी लिटरमागे किती ग्रॅम आणि द्रावक कोणता, हे दोन रकाने पाहा. आकडा १०० च्या वर असेल तर कारण विचारा. रकाना कोरा असेल तर दुसरे कोटेशन मागवा.